खारवलं, वाळवलं, आंबवलं

चैत्र लागला की आपल्या विदर्भातल्या बाईची नजर घड्याळाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त असते. ढग आहे का, वारा सुटेल का, आज गहू भिजवले तर चौथ्या दिवशी कडक ऊन मिळेल का? नागपूरच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. २०२४ च्या मे महिन्यात तर एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंश दाखवले. मग हवामान खात्याला सांगावं लागलं की बाबांनो, यंत्रच बिघडलंय. पण हेच ऊन आपल्या घरातलं सगळ्यात मोठं, बिनपैशाचं यंत्र होतं, हे आपण विसरत चाललोय. पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, कोहळ्याच्या वड्या, चिंच, बोरं, आमसुलासारख्या वाळवलेल्या कैरीच्या फोडी हे सगळं दीड-दोन महिन्यांत गच्चीवर, अंगणात, खाटेवर वाळायचं आणि मृगाच्या आत डब्यात बंद व्हायचं.

आमच्या सदरमध्ये आता अंगणं उरली नाहीत. जुने बंगले पाडून इमारती झाल्या आणि वाळवण करणाऱ्या काकूंचं हसू होऊ लागलं. "काकू, दुकानात मिळतं की सगळं!" मिळतं ना. पण ते कशासाठी केलं जायचं, हे आधी समजून घेऊ या. वाळवण ही हौस नव्हती. ती पावसाळ्याची बेगमी होती. चार महिने रस्ते बंद, भाजी महाग, लाकडं ओली आणि घरात दहा तोंडं, अशा वेळी कामाला येणारी शिल्लक होती ती.

ही गोष्ट मला पापड-कुरडयांपेक्षा जास्त नीट समजली ती 'खुला' बघून. भंडारा-गोंदियाकडच्या मैत्रिणींना हा शब्द सांगायला नको. वांगी किंवा भेदरं (म्हणजे टमाटे हो!) कापून कडक उन्हात वाळवली की त्याच्या खुला होतात. माघ-फाल्गुनात मंगळवारी बाजारात टमाटे इतके उतरतात की संध्याकाळी विकणारा टोपलंभर घेऊन जा म्हणतो. तीच वेळ खुला करायची. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवायचा, अंबाडीचा वाळवायचा. पावसाळ्यात मूठभर वाळली भाजी, थोडं डाळीचं पीठ, लसूण-मिरची घातली की घरादाराची भाजी झाली. आमच्या कामामुळे ओळखीची झालेली, भंडाऱ्याकडून इथे येऊन चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई मला म्हणाली, "ताई, पावसाळ्यात भाजी घेते कोन? डब्यात हात घातला का भाजी." लोणच्याच्या बरणीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, कुरडईचंही कौतुक झालंय. खुलांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, कारण त्या गरिबाघरच्या. आणि भूक भागवण्याच्या हिशेबात पाहिलं तर पहिला मान त्यांचाच.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. पालेभाजी रणरणत्या उन्हात थेट टाकू नका. उन्हाने तिच्यातलं अ आणि क जीवनसत्त्व पुष्कळ उडून जातं. स्वच्छ धुऊन, पाणी निथळून, पातळ सुती फडक्याखाली किंवा हवेशीर सावलीत वाळवली तर रंगही टिकतो आणि कसही.

वाळवणाला ऊन पुरतं. लोणच्याला मीठ लागतं. आज मीठ इतकं स्वस्त आहे की त्यालाही एक काळ महागाई होती, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता आणि तो चुकवून मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत एक जकातीची रेषा आखलेली होती. ती आपल्या तेव्हाच्या मध्य प्रांतातूनही जायची. तिच्यावर कैक मैल काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण लावलेलं होतं आणि राखायला जवळजवळ बारा हजार माणसं! १८७९ मध्ये ते कुंपण सोडून दिलं, पण कर राहिलाच. ज्या घरात मीठ तोलून-मापून वापरायचं, त्या घरात कैरीचं लोणचं घालणं म्हणजे केवढी चैन असेल, विचार करा.

म्हणूनच १९३० साली गांधीजींनी मिठाला हात घातला तेव्हा समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या वऱ्हाडातही लोक उठले. इथे समुद्र कुठला? पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. ज्या पाण्याला तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कंटाळल्या होत्या, तेच पाणी त्या दिवशी उपयोगी पडलं! पुढे १९४७ मध्ये हा कर गेला.

तर हे मीठ लोणच्यात नक्की काय करतं? फोडीतलं पाणी ओढून घेतं. जंतूंना आणि बुरशीला जगायला पाणी लागतं, ते मीठ त्यांना मिळू देत नाही. वरचा तेलाचा थर हवा अडवतो, कैरी-लिंबाचा आंबटपणा बाकीच्यांना रोखतो, मोहरीचा झणकाही त्यात मदत करतो. चार पहारेकरी आहेत म्हणा ना. एखादा कमी केलात की चोर शिरला. आमच्या मंडळात दरवर्षी पावसाळ्यात तक्रार येते, "यंदा लोणच्याला बुरा आला." विचारलं तर कळतं, यजमानांना रक्तदाब आहे म्हणून मीठ निम्मं केलं आणि तेलही बेताचंच घातलं. मैत्रिणींनो, रक्तदाब असेल तर लोणचं कमी खा, मीठ कमी घालून ते टिकवू नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सगळ्या जेवणाचं मिळून एक लहान चमचा. एक किलो कैरीच्या फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतंच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आठ दिवस पुरेल इतकंच ताजं लोणचं करून फ्रिजमध्ये ठेवावं.

आणि लसणाचं काय, तेही सांगून टाकते. सोललेला लसूण नुसता तेलात बुडवून महिनोन्‌महिने ओट्यावर ठेवायची पद्धत धोक्याची आहे. जिथे हवा नाही आणि आंबटपणाही नाही, तिथे एक फार वाईट जंतू वाढतो. त्याचं विष ना वासाने कळतं ना चवीने. लसणात भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. यात हयगय नको.

आता तिसरी गोष्ट, आंबवण्याची. हिच्याबद्दल लिहायला मला सगळ्यात आवडतं, कारण इथे जंतूंना हाकलायचं नसतं, कामाला लावायचं असतं.

कुरडई बघा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटतो की घरातली पुरुषमंडळी नाक धरून बाहेर जातात. मग गहू वाटायचे, पिळून-गाळून पांढराशुभ्र चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं, मोठ्या गंजात मीठ घालून पाणी उकळायचं आणि चीक ओतत ओतत असा घोटायचा की गाठ होता कामा नये. मनगट भरून येतं. लहान मुलं तोवर वाट्या घेऊन गरम चिकासाठी रांगेत उभी! कुणाला तेल-तिखट घालून हवा, कुणाला दूध-साखर. मग सोऱ्यात भरून गरम असतानाच भराभर कुरडया पाडायच्या. गार झाला की दाबला जात नाही. चोथा उरतो त्याच्या भुसवड्या. काही म्हणून वाया जात नाही.

तीन दिवस भिजवण्याचं कारण काय? गहू नुसता नरम व्हायला एवढा वेळ लागत नाही. त्या तीन दिवसांत दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद गव्हात वाढतात, आंबटपणा येतो, दाण्यातलं सत्त्व कोंड्यापासून सुटं होतं. म्हणून चीक असा शुभ्र निघतो आणि कुरडई तेलात फुलासारखी फुलते. मला एका गोष्टीची फार मौज वाटली. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात रोममध्ये केटो नावाचा एक मोठा पुढारी होऊन गेला. त्याने शेतीवर पुस्तक लिहिलंय. त्यात गव्हाचं सत्त्व काढायची कृती आहे: गहू भिजवा, दिवसातून दोनदा पाणी घाला, दहाव्या दिवशी निथळा, नव्या कापडातून पिळून साय काढा, उन्हात वाळवा. आपला चीकच की हा! त्या माणसाने हे कधी स्वतःच्या हाताने पिळलं असेल असं मला वाटत नाही. घरातल्या बायकांनी नाहीतर गुलामांनी पिळलं असणार, त्याने लिहून ठेवलं.

ज्वारीच्या पिठाची आंबीलही याच घराण्यातली. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ती लागतेच. सोळा भाज्या आणि पुरणपोळीच्या पंक्तीत तिला मानाने बसवलंय ते उगाच नाही. ज्वारी-गव्हातलं लोह फायटेट नावाच्या पदार्थाने जखडलेलं असतं, अंगी नीट लागत नाही. पीठ आंबवलं की ही जखड सैल होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आंबिलीने ते भरून निघेल असा दावा मी करणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण वर्षातून एकदा देवीला दाखवायची आणि एरवी विसरायची, एवढी काही ती वाईट नाही. उन्हाळ्यात सकाळी वाटीभर आंबील, ताक आणि कांदा घेऊन बघा.

सदरची एक गंमत म्हणजे इथे इमारतीच्या एका जिन्यावर चार तऱ्हेचे आंबूस वास येतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती इथून जवळच जरीपटक्याला झाली, त्यांच्याकडचं पाणी-लोणचं आम्ही शेजारणींनी उचललं. गाजर-शलगम-फुलकोबीचे तुकडे मोहरीच्या पुडीच्या खारट पाण्यात घालून उन्हात ठेवायचे, तीन-चार दिवसांत आंबट होतात. तेल अजिबात नाही. आमच्या ख्रिस्ती शेजारणीच्या बरणीला व्हिनेगरचा वास. कुणाकडे काळ्या गाजराची कांजी, तर दाक्षिणात्य घरात इडलीचं पीठ. कोरियात कोबी असाच खारवून-आंबवून किमची करतात आणि ती सगळ्या आळीने मिळून करायच्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या पापड लाटायच्या दुपारींना कोण वारसा म्हणणार?

पूर्वी वैद्यांनाही हे शास्त्र पक्कं ठाऊक होतं. चरक-सुश्रुतांपासून कांजी आणि आसव-अरिष्टं आहेत. द्राक्षासव आंबतं ते धायटीच्या फुलांमुळे. ही तांबडी फुलं आपल्या मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलात रानोमाळ फुलतात. तिकडच्या बायका पहाटे मोहाची फुलं वेचून वाळवून ठेवतात, तीही नुसती दारूसाठी नसतात. घरात खायलाही असतात. शहरात मोह म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, त्याला काय करणार.

ज्ञान हातात होतं, कारण मागाहून कळलं, असं सगळीकडेच झालं. निकोलस ॲपर्ट नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून उकळलं आणि ते महिनोन्‌महिने टिकलं. सैन्याला उपयोगी म्हणून सरकारने १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक दिले. ते का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. दूध आंबतं ते जिवंत सूक्ष्म जंतूंमुळे, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये दाखवलं. बाटलीबंद करण्याची हीच विद्या पुढे आपल्या संत्र्यांच्या कामी आली. 'नोगा'चा जाम आणि सॉस आपण सगळ्यांनी खाल्लाय. ते नाव नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या आद्याक्षरांचं आहे, आणि नंतर तो कारखाना महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. ॲपर्टला बक्षीस मिळालं, ते बरंच झालं. ज्या कुणा बाईने पहिल्यांदा चीक घोटून सोऱ्यातून पाडला, तिला काय मिळालं असेल? "यंदा जरा जाड झाल्या हं," असंच कुणीतरी म्हणालं असेल.

हे मी थट्टेने म्हणत नाही. यंदा आमच्या भागातल्या एका बचत गटाने विकायला कुरडया करायचं ठरवलं आणि मी हिशेबाची वही घेऊन बसले. पाच किलो गहू घेतले. वाळून सव्वादोन किलो कुरडई निघाली. किलोला चारशे रुपये धरले तर नऊशे झाले. गहू, गॅस, मीठ, पिशव्या यांचे तीनशे वजा केले. उरले सहाशे. चार बायका, प्रत्येकीचे सहा तास, म्हणजे चोवीस तास. तासाला पंचवीस रुपये! वहीवर आकडा आला तशा सगळ्या गप्प झाल्या. त्यातही चारशेचा भाव मिळालाच नाही. एका दुकानदाराने तीनशेवर बोट ठेवलं. वर म्हणतो, "बायका घरी बसल्या बसल्याच करतात ना, त्याला मजुरी कसली?"

घरी बसल्या बसल्या! ज्याने एकदा तरी उकळता चीक घोटलाय तो असं म्हणणार नाही. पण दोष एकट्या त्याला कसा देऊ? आपणही शेजारणीला पापड लाटायला बोलावतो आणि चहावर भागवतो. एकमेकींकडे आळीपाळीने जायची रीत होती तोवर ते ठीक होतं, ती परतफेडच होती. विकायला काढल्यावर तेच गणित लावलं की एकीचा तोटा होतो.

म्हणून मला लिज्जत पापडाची गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बायका आपल्या चाळीच्या गच्चीवर जमल्या, ऐंशी रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एवढं सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. तिथे पहिल्यापासून लाटण्याची मजुरी किलोमागे ठरलेली असते, आणि लाटणारी बाई नोकर नसते, भागीदार असते. नफ्या-तोट्यात तिचा वाटा असतो. चव कुणीही उचलेल, हा हिशेब उचलायला हवा.

कायद्याचंही बघावं लागतं. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्याचे नियम २०११ पासून लागू झाले आणि घरी करून विकणाऱ्या लहानशा गटालाही नोंदणी लागते. पाकिटावर काय घातलंय, कधी केलंय, कुठवर टिकेल, हे छापावं लागतं. बायका याला घाबरतात. घाबरू नका, अर्ज काही फार अवघड नाही. उलट "कुठवर टिकेल" हे लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या गटातल्या दोन सासवा आणि तीन सुना पहिल्यांदा एकत्र बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "कट्‌कन मोडली पाहिजे." सून म्हणाली, "म्हणजे किती दिवस ऊन?" शेवटी लिहून काढलं: पहिल्या दिवशी न हलवता, दुसऱ्या दिवशी उलटवून, चार कडक उन्हं, आणि डब्यात भरण्याआधी पूर्ण गार. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० मध्ये 'गृहिणी-मित्र' लिहिलं, कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली, तेव्हा कुठे 'अंदाजाने घाल' म्हणणं कमी झालं. वाळवणाचे अंदाज मात्र अजून सासवांच्या बोटांतच आहेत. ते काढून घ्या, लिहून ठेवा. त्या आहेत तोवर.

पुढच्या वर्षी गटाने पाचशेच्या खाली विकायचं नाही असं ठरवलंय. एका दुकानाऐवजी थेट वीस-पंचवीस घरांकडून आगाऊ मागणी घ्यायची. गव्हाच्या कुरडयांबरोबर भेदराच्या खुलाही ठेवायच्या, माझ्या आग्रहाखातर. राहिला प्रश्न जागेचा. गटातल्या एकीच्याच घराला गच्ची आहे, बाकीच्या खोल्यांत राहतात. जवळच्या एका इमारतीची मोठी गच्ची वर्षभर कुलपात असते, म्हणून आम्ही तिथल्या सेक्रेटरींना अर्ज दिला. त्यांनी सकाळी आठ ते संध्याकाळी पाचपर्यंत किल्ली द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की टाकीपाशी कबुतरं येतात, तेव्हा एक बाई दिवसभर राखणीला बसली पाहिजे. ते नऊ तास कुरडईच्या भावात धरायचे की नाही, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. मी म्हणते, धरायचेच.